न्यायालयांच्या गरजा कोणी मोजायच्या?

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. आपल्या राज्यातील न्यायालयांना काय हवे आहे, काय कमी पडते आहे, आणि ते पाहण्याचे काम विधिमंडळाने कसे करावे, हा तो विषय. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. त्यामुळे ज्याला ती पायरी चढावी लागलेली नाही, त्याला या विषयाचे अगत्य वाटत नाही. ज्याला चढावी लागली, तो पुढच्या तारखेच्या काळजीत इतका गुंतलेला असतो की, ही तारीख इतकी लांबची का पडली, हे विचारण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही. अशा रीतीने हा प्रश्न पोरका राहतो. त्याची थोडी विचारपूस व्हावी, एवढ्याच हेतूने मी आज बोलणार आहे.

बायबलच्या जुन्या करारात निर्गम नावाचे पुस्तक आहे. त्यात मोशेची एक कथा येते. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेल्या लोकांचा तळ रानात पडला होता. त्यांचे तंटे तोडण्यासाठी मोशे एकटाच दिवसभर बसत असे, आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे राहत असत. त्याचा सासरा इथ्रो त्याला भेटावयास आला. त्याने हा प्रकार पाहिला आणि हा भार एकट्याला झेपण्यासारखा नाही, हे जावयाच्या लक्षात आणून दिले. मग त्याने तोडही सुचविली. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर अशी विश्वासू माणसे नेमावी. लहानसहान तंटे त्यांनी मिटवावे आणि अवघड तेवढे मोशेपुढे आणावे.

या कथेतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोशेने कोणता निवाडा चुकीचा केला, हे इथ्रोने विचारले नाही. कोणाच्या बाजूने निकाल द्यावा, हेही त्याने सांगितले नाही. त्याने माणसे मोजली, ताटकळण्याचा वेळ पाहिला आणि व्यवस्था सुचविली. न्यायदानात हात न घालता न्यायदानाच्या गरजा पाहता येतात, हा त्या कथेचा बोध आहे. आजच्या लोकशाही राज्यात ही इथ्रोची जागा कोणाची? माझे उत्तर असे की, ती मुख्यतः विधिमंडळाची आहे.

यावर लगेच एक आक्षेप येतो. न्यायसंस्था स्वतंत्र आहे. मग आमदारांनी तिच्या कारभारात लक्ष घालणे म्हणजे तिच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, आणि आपल्या घटनाकारांनी त्याचा विचार आधीच करून ठेवला आहे. घटनेच्या २११ व्या अनुच्छेदान्वये, सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या कोणत्याही न्यायाधीशाने आपले कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनाची चर्चा राज्याच्या विधिमंडळात करता येत नाही. २३५ व्या अनुच्छेदाने जिल्हा न्यायालये आणि त्यांच्या खालची न्यायालये उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली ठेवली आहेत. त्यांतील न्यायाधीशांच्या बदल्या, बढत्या आणि रजा उच्च न्यायालय पाहते, मंत्री पाहत नाहीत. ही कुंपणे आवश्यक आहेत, आणि ती तशीच राहिली पाहिजेत.

परंतु त्याच घटनेने खर्चाच्या बाबतीत एक बारकाईचा भेद केला आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि त्या न्यायालयाचा प्रशासकीय खर्च हे राज्याच्या एकत्रित निधीवर भारित केलेले असतात. त्यांच्यावर सभागृहाचे मतदान होत नाही. चर्चा मात्र होऊ शकते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचा खर्च असा भारित नाही. तो अनुदानाच्या मागणीच्या रूपाने विधानसभेपुढे येतो आणि विधानसभेच्या मताने मंजूर होतो. म्हणजे सामान्य माणूस ज्या न्यायालयात जातो, त्या न्यायालयाचा न्यायाधीश, लघुलेखक, बेलीफ, टेबलखुर्ची आणि डोक्यावरचे छप्पर या सर्वांसाठी लागणाऱ्या पैशावर आपल्या आमदारांचे मत घेतले जाते. ज्या खर्चाला आपण मत देतो, तो पुरेसा आहे की नाही, हे विचारणे हा हस्तक्षेप कसा म्हणता येईल?

मी शिक्षक आहे, म्हणून शाळेचेच उदाहरण देतो. शाळेची तपासणी करावयास साहेब येतात. एखाद्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर मी दिलेले गुण वाढवा किंवा कमी करा, असे त्यांनी मला सांगितले, तर तो अन्याय होईल. परंतु वर्गात मुले किती आहेत, बाके किती आहेत, फळा धड आहे की नाही, गणिताच्या शिक्षकाची जागा कधीपासून रिकामी आहे, हे त्यांनी विचारलेच पाहिजे. ते न विचारता निघून गेले, तर त्यांनी माझ्या स्वातंत्र्याचा मान राखला असे मी म्हणणार नाही. त्यांनी आपले काम केले नाही, असेच म्हणेन.

आता न्यायालयांच्या बाबतीत ही मोजदाद आजवर कशी होत आली, ते थोडक्यात पाहू.

खटले तुंबण्याची तक्रार नवी नाही. इंग्रजी अमदानीत १९२४ साली न्यायमूर्ती रॅन्किन यांच्या अध्यक्षतेखाली दिवाणी न्यायदानाची चौकशी करणारी समिती नेमली गेली होती. तिने १९२५ साली अहवाल दिला. थकबाकी हाताबाहेर गेली म्हणजे कामाच्या पद्धतीतील सुधारणा फारशा उपयोगी पडत नाहीत, अशी जाणीव त्या अहवालात दिसते. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली पहिला विधी आयोग नेमला गेला. मोतीलाल सेटलवाड त्याचे अध्यक्ष होते, आणि मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला त्याचे एक सदस्य होते. या आयोगाचा १९५८ सालचा चौदावा अहवाल न्यायव्यवस्थेच्या सुधारणेवर आहे, आणि त्या विषयाचा अभ्यास करणारे अजूनही तेथूनच सुरुवात करतात. न्यायदानाकडे सरकारने उत्पन्नाचे साधन म्हणून पाहू नये, कोर्ट फी ही मिळकत नव्हे, असा विचार त्या अहवालाने आग्रहाने मांडला. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण न्यायालयांवर खर्च झाला म्हणजे तो वाया गेला, अशी समजूत अजूनही पुष्कळांच्या मनात असते.

न्यायाधीशांच्या संख्येचा प्रश्न आकड्यांत मांडला तो १९८७ सालच्या १२० व्या अहवालाने. त्या वेळी न्यायमूर्ती देसाई विधी आयोगाचे अध्यक्ष होते. भारतात १० लाख लोकांमागे १०.५ न्यायाधीश आहेत, इंग्लंडात ५०.९, कॅनडात ७५.२ आणि अमेरिकेत १०७ आहेत, असे आकडे त्या अहवालाने पुढे ठेवले, आणि आपले प्रमाण लवकरात लवकर ५० पर्यंत न्यावे, अशी शिफारस केली.

या शिफारशीचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. संसदेने १९९३ साली खात्यांशी संलग्न अशा स्थायी समित्या नेमण्यास प्रारंभ केला. त्यांपैकी गृहखात्याच्या समितीने, प्रणव मुखर्जी अध्यक्ष असताना, न्यायालयांतील विलंब आणि थकबाकी या विषयाचा अभ्यास करून आपला ८५ वा अहवाल तयार केला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या खटल्यात या अहवालाची दखल घेतली, आणि न्यायाधीशांचे प्रमाण ५ वर्षांत १० लाखांमागे ५० वर न्यावे, असा आदेश दिला. म्हणजे आयोगाने आकडा सांगितला, संसदेच्या समितीने तो उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आपली मोहोर उमटविली. तिघांचे एकमत झाले.

आणि तरीही आकडा कोठवर गेला? २०२४ साली केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार हे प्रमाण १० लाखांमागे २१ होते. यातही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. हे प्रमाण मंजूर पदांवरून काढलेले आहे, प्रत्यक्ष काम करणाऱ्या न्यायाधीशांवरून नव्हे. आणि लोकसंख्या धरली आहे ती २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर लोक वाढले आहेत. जिल्हा आणि त्यांखालील न्यायालयांतील मंजूर पदे त्या वर्षी सुमारे २५ हजार होती, आणि त्यांपैकी ५ हजारांच्या आसपास रिकामी होती. तेव्हा खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशांचे खरे प्रमाण २१ पेक्षाही कमीच होते. त्याच वर्षी या न्यायालयांत तुंबलेली प्रकरणे ४ कोटींहून अधिक होती.

येथे कोणी म्हणेल, मग ५० हा आकडा गाठला म्हणजे काम झाले. तसे नाही, आणि हे समजण्यासाठी आपल्या सर्वांच्या ओळखीचे शाळेतील एक गणित पुरे आहे. एका हौदाला दोन नळ आहेत. एकाने पाणी आत येते, दुसऱ्याने बाहेर जाते. तर हौद केव्हा रिकामा होईल? समजा, एखाद्या न्यायालयात वर्षारंभी १,००० प्रकरणे पडून आहेत. वर्षभरात ६०० नवी आली आणि ५०० निकाली निघाली. वर्षअखेरीस १,१०० राहिली. न्यायाधीशाने ५०० प्रकरणे निकाली काढली, म्हणजे तो आळशी नाही. पण हौद वाढतोच आहे. आता काम वाढवून ६०० निकाली काढली, तरी जुनी १,००० तशीच राहतात. म्हणून मोजावयाच्या गोष्टी दोन आहेत. नवी आवक तेवढ्यास तेवढी निघून जावी यासाठी किती न्यायाधीश हवेत, हे एक. आणि जुना साठा अमुक इतक्या वर्षांत उपसावयाचा असेल तर आणखी किती हवेत, हे दुसरे.

विधी आयोगाने २०१४ सालच्या २४५ व्या अहवालात, न्यायमूर्ती शहा अध्यक्ष असताना, नेमका हाच विचार मांडला. लोकसंख्येचे माप ढोबळ आहे. कारण केरळसारख्या साक्षर राज्यात लोक न्यायालयात अधिक जातात, बिहारसारख्या राज्यात त्या मानाने कमी जातात. तेव्हा माणसे मोजण्याऐवजी आवक आणि निकाल मोजा, असे त्या आयोगाने सांगितले. पुढे आणखी एक दुरुस्ती सुचविली गेली, ती म्हणजे प्रकरणांचे वजन ठरविण्याची. न वटलेल्या धनादेशाचा खटला आणि खुनाचा खटला दोन्ही कागदावर एकेकच दिसतात, पण त्यांना लागणारा वेळ सारखा नाही. शुद्धलेखनाच्या ४० वह्या तपासणे आणि निबंधाच्या ४० वह्या तपासणे यांत जो फरक आहे, तोच हा फरक. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने इम्तियाज अहमद यांच्या प्रकरणात या मापाचा विचार करून उच्च न्यायालयांना त्या धर्तीवर पदांची गरज काढण्यास सांगितले.

म्हणजे मापे आहेत, अहवाल आहेत, आदेशही आहेत. मग अडते कोठे? ते पाहण्यासाठी एका नव्या न्यायालयाचा कागद कसा फिरतो, हे पाहावे लागते. अमुक तालुक्याला नवे न्यायालय हवे, असा प्रस्ताव उच्च न्यायालय तयार करते. तो विधी व न्याय विभागाकडे जातो. तेथून वित्त विभागाकडे जातो. किती पदे, किती खर्च, यावर शेरे पडतात. इमारतीचे काम बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. इमारतींसाठी केंद्र सरकारची योजना १९९३-९४ पासून चालू आहे, आणि तीत बहुतेक राज्यांना केंद्राकडून ६० तर स्वतःच्या तिजोरीतून ४० या प्रमाणात पैसा घालावा लागतो. राज्याने आपला वाटा वेळेवर घातला नाही, तर काम रखडते. हे सारे फिरून अखेर अर्थसंकल्पातील एका मागणीत येऊन बसते, आणि ती मागणी पुष्कळदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत, इतर अनेक मागण्यांबरोबर, चर्चेशिवाय मंजूर होते. कोणत्या टेबलावर कागद किती महिने पडला, हे विचारणारा कोणी नसतो. विचारू शकेल असे घटनात्मक स्थान एकच आहे, आणि ते म्हणजे सभागृह.

आता हौदाचा पहिला नळ पाहू. त्यातून पाणी सोडणारे कोण? पुष्कळदा स्वतः विधिमंडळे आणि संसदच! १९८८ साली संसदेने परक्राम्य संलेख अधिनियमात दुरुस्ती करून, धनादेश न वटणे हा गुन्हा ठरविला. १ एप्रिल १९८९ पासून ते कलम १३८ अमलात आले. हेतू चांगला होता. व्यापारात धनादेशाची पत राहावी. परंतु या एका कलमाने न्यायालयांवर किती ओझे पडेल, याचा हिशेब कोणी केला नव्हता. २००८ साली विधी आयोगाने आपल्या २१३ व्या अहवालात सांगितले की, अशी ३८ लाखांहून अधिक प्रकरणे देशात पडून आहेत. एका कलमामागे ३८ लाख! त्याच वर्षी न्यायमूर्ती जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने असे सुचविले की, प्रत्येक विधेयकाला जे वित्तीय ज्ञापन जोडतात, त्यात या कायद्याने किती खटले वाढतील आणि त्यांसाठी न्यायालयांना किती खर्च येईल, याचाही अंदाज द्यावा. पाहुणे बोलवावयाचे असतील, तर आधी पाने किती मांडावयाची ते पाहावे, इतकी ही साधी गोष्ट आहे. ती अजून आपल्या विधिमंडळांच्या अंगवळणी पडलेली नाही.

दुसरा धडा तात्पुरत्या उपायांचा. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २००० साली देशात १,७३४ जलदगती न्यायालयांची योजना आखली गेली आणि त्यांसाठी ५०२ कोटी ९० लाख रुपये ठेवले गेले. या न्यायालयांनी पुष्कळ काम उरकले. पण योजना मुदतीची होती. मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०११ रोजी केंद्राचा पैसा थांबला. काही राज्यांनी ती न्यायालये पुढे चालविली, काहींनी बंद केली. जुना साठा उपसावयास तात्पुरता पंप चालतो. पण नित्याची आवक वाढलेली असताना कायमचा नळ रुंद केल्याशिवाय भागत नाही. हा भेद अर्थसंकल्प मंजूर करणाऱ्यांच्या ध्यानात असला पाहिजे.

शाळेच्या आणि न्यायालयाच्या व्यवस्थेत मला एक मोठा फरक दिसतो. संसदेने २००९ साली बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा केला, तेव्हा प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे १ शिक्षक असावा, हे प्रमाण कायद्यातच घातले. ते सर्वत्र पाळले जाते, असे मी म्हणत नाही. परंतु आकडा कायद्यात असल्यामुळे पालकाला तो दाखवून दाद मागता येते. न्यायालयांसाठी असा आकडा कोणत्याही कायद्यात नाही. तो अहवालांत आहे, निवाड्यांत आहे. पण ज्या सभागृहाच्या हाती तिजोरीची किल्ली आहे, त्याने तो अजून आपला म्हणून स्वीकारलेला नाही. माझ्या मते सर्व विलंबाचे एक मोठे मूळ येथे आहे.

सर्व दोष विधिमंडळाच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. मंजूर जागा रिकाम्या राहतात, त्याची जबाबदारी पुष्कळ अंशी उच्च न्यायालये आणि लोकसेवा आयोग यांच्यावर येते, कारण परीक्षा आणि निवड त्यांच्या हाती आहे. सर्वोच्च न्यायालयाने मलिक मझहर सुलतान यांच्या प्रकरणात २००७ साली भरतीचे वेळापत्रकच आखून दिले. तरीही जागा रिकाम्या राहतात. वकीलवर्ग आणि पक्षकार तारखा मागतात. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला सुनावणीच्या काळात तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये, असे आहे. पण त्याला अपवाद निघतात. म्हणूनच देखरेख हवी. पैसा कमी पडला म्हणून काम अडले, की पैसा असून जागा भरल्या नाहीत, की जागा भरूनही तहकुबी थांबली नाही, हे वेगळे वेगळे विचारल्याशिवाय खरे दुखणे कळत नाही. विचारावयाचे ते एकेका न्यायाधीशाच्या निकालाविषयी नव्हे, साऱ्या व्यवस्थेविषयी.

आता आपल्यापैकी निरनिराळ्या प्रांतांत राहणाऱ्यांना हा प्रश्न कोठे विचारता येईल, तेही सांगतो. गोव्याचे उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालय. त्याचे खंडपीठ १९८२ पासून गोव्यात आहे. परंतु गोव्याच्या जिल्हा व तालुका न्यायालयांचा खर्च मंजूर होतो तो पर्वरीच्या विधानसभेत. बेळगावकरांचे अपील पूर्वी सुमारे ५०० किलोमीटरवर बंगळूरला जात असे. २००८ साली धारवाडला फिरते खंडपीठ आले आणि २०१३ साली ते कायम झाले. कर्नाटकाचे विधिमंडळ तर हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातच येते. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाची पीठे आहेत, आणि खर्चाचा विचार भोपाळला होतो. बडोदेकरांसाठी तो गांधीनगरला होतो. हैदराबादेत २०१९ च्या १ जानेवारीपासून तेलंगणाचे उच्च न्यायालय वेगळे झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या ६ जिल्ह्यांना अनेक दशकांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे फिरते खंडपीठ मिळाले. हे अंतर कमी होणे म्हणजे पक्षकाराच्या प्रवासाचे, मुक्कामाचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे वाचणे होय. ही मागणी लोकांनी आणि वकिलांनी धरून ठेवली, म्हणून फळाला आली.

आपल्यासारख्या सरहद्दीवरच्या आणि परप्रांतातल्या लोकांना भाषेचीही गरज जाणवते. खालच्या न्यायालयांची भाषा ठरविण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३७ व्या कलमाने राज्य सरकारला दिला आहे. ती भाषा जी असेल ती असो. पण ज्याला ती नीट येत नाही, त्याच्यासाठी चांगला दुभाषा आणि भाषांतरकार हवा. गोव्यात जमिनीचे जुने दस्तऐवज पोर्तुगीज भाषेत आहेत. ते वाचणारा माणूस मिळेपर्यंत वाटणीचा दावा पुढे सरकत नाही. भाषांतरकाराचे पद हेही न्यायाधीशाच्या पदाइतकेच गरजेचे आहे, पण ते मागणाऱ्याचा आवाज लहान असतो. असे लहान आवाज ऐकणे हे तर लोकप्रतिनिधींचे खास काम.

विधिमंडळाजवळ साधने कमी नाहीत. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, मागणीवर कपातसूचना आहे. अंदाज समिती आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल तपासणारी लोकलेखा समिती आहे. केरळच्या विधानसभेने १९८० साली विषयवार समित्या नेमण्याची पद्धत सुरू केली. तेथे खात्याच्या मागण्या सभागृहात येण्यापूर्वी समितीत तपासल्या जातात. तारखांची माहितीही आता गुप्त राहिलेली नाही. राष्ट्रीय न्यायिक माहिती जालावर २०१५ पासून कोणत्या जिल्ह्यात किती प्रकरणे किती वर्षे पडून आहेत, हे कोणालाही पाहता येते. म्हणजे साधने आहेत, माहिती आहे; कमी आहे ती विचारणाऱ्याची.

म्हणून निवडणुकीच्या वेळी किंवा एरवीही आपला आमदार भेटला, तर रस्त्याबरोबर आणि पाण्याबरोबर हेही चार प्रश्न आपण त्याला विचारावे. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात मंजूर पदे किती, आणि भरलेली किती? गेल्या वर्षी प्रकरणे आली किती, आणि निकाली निघाली किती? उच्च न्यायालयाने पाठविलेला प्रस्ताव सरकारकडे किती काळ पडून आहे? आणि यंदाच्या न्यायालयांच्या मागणीवर आपण सभागृहात काय बोललात? चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मिळणार नाही. पण तो चार ठिकाणी विचारला गेला, तर पुढच्या वर्षी मिळेल.

हे सारे कशासाठी, तेही शेवटी सांगतो. देशाच्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस असलेल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन असे होते की, ज्यांचा खटला अजून संपलेलाच नव्हता. त्यांपैकी कोण दोषी आणि कोण निर्दोष, हे कोणीही सांगू शकत नाही. कारण ते सांगावयाचे ज्याने, त्याच्यापर्यंत त्यांची पाळीच आलेली नाही. शीघ्र न्याय हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली हुसेनआरा खातून यांच्या प्रकरणात सांगितले. तो हक्क न्यायाधीशाच्या एकट्याच्या सद्‌बुद्धीने मिळत नाही. त्यासाठी न्यायाधीश नेमलेला हवा, त्याच्याजवळ लघुलेखक हवा, कैद्याला न्यायालयात आणणारी गाडी हवी, आणि साक्षीदाराला बसावयास बाक हवे. या सगळ्याला पैसा लागतो, आणि पैशाला मंजुरी लागते.

निवाडा न्यायाधीशाने करावा. त्यात कोणी बोट घालू नये. परंतु त्याच्या दाराशी किती माणसे, किती वर्षे ताटकळत उभी आहेत, हे मोजण्यासाठी आपण निवडून दिलेली माणसे आहेत. त्यांनी मोजावे, आणि त्यांनी मोजले की नाही, हे आपण पाहावे.